अठ्ठेचाळीस सेकंदांची दवंडी

“बाबा, किन्हवलीची गाडी गेली का?” असं बाकावरच्या बाईनं विचारलं तेव्हा सावळाराम नुकत्याच दुरुस्त करून आणलेल्या चष्म्याच्या काड्या कानामागं बसवत होता. नाय अजून, लागल इतक्यात, हे उत्तर जिभेवर आलेलं होतं. त्यानं मान वळवली, काचेतून तिच्याकडं पाहिलं आणि उत्तर जिभेवरच राहिलं. ही बाई त्याला ठाऊक होती. डाव्या भुवईला मधोमध छेद देणारी पांढरी रेघ, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. कुठल्या गावची, कोणाची कोण, ते ठाऊक नव्हतं. पण ती रेघ त्यानं दोन बोटांनी ताणून मोठी करून पाहिली होती, तेरा दिवसांपूर्वी, आपल्या पडवीत, फोनच्या काचेवर. तेव्हा ती बाई बोटाएवढी होती, खांद्यावर गोणी होती आणि ती मागं वळून बघत होती. आता ती पुऱ्या मापाची होती. तिच्या केसांना खोबरेलाचा वास होता. उजव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधून वर प्लास्टर घातलं होतं आणि तो हात तिनं मांडीवर असा ठेवला होता की जणू दुसऱ्या कुणाचा आहे, थोडा वेळ सांभाळायला दिलाय.

सावळारामनं नुसती मान हलवली. नाही.

“गेली न्हाई?”

पुन्हा मान.

“मुका हाय वाटतं,” ती पलीकडच्या बाईला हळूच म्हणाली, आणि मग त्याच्याकडं वळून हातवारे करत, मोठ्यानं, शब्द तोडून बोलली, “बरं, बाबा. बसा, बसा.”

चौतीस वर्षं कोतवालकी केलेल्या माणसाला शहापूरच्या एसटी स्टँडवर भर दुपारी मुका ठरवलं गेलं, आणि त्यानं ते ठरू दिलं. खरं तर त्यात हसण्यासारखं होतं. घरी सांगितलं असतं तर सूनबाई दोन दिवस हसली असती. तलाठ्याच्या हाताखालचा कोतवाल म्हणजे काय, तर चालता बोलता आवाज. टपाल न्यायचं, माणसं बोलवायची, आणि हुकूम आला की थाळी वाजवत पाड्यापाड्यातून दवंडी द्यायची. त्याची दवंडी ओढ्यापलीकडं ऐकू जायची. तलाठी भाऊसाहेब म्हणायचे, सावळ्या, तुझ्या गळ्यात सरकारनं कर्णा बसवलाय. आता त्या कर्ण्यावर त्यानं स्वतःच हात ठेवला होता. उठून जावं. तोंड धुवायला जावं आणि तिकडूनच पुढं जावं, रिक्षा करावी. पण पाय हलले नाहीत. बाई आपल्याला ओळखत नाही, तर मग बसायला काय हरकत आहे, असं त्याच्या मनातलं कुणीतरी म्हणालं. आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, बस. बघ तिच्याकडं.

पलीकडची बाई गोदू. तिचं नाव त्याला बोलण्यातून कळलं. खर्डीच्या बाजूची, किन्हवलीला लेकीकडं निघालेली, पायाशी वालाच्या शेंगांची पिशवी. अशा बायांना गाडीची वाट बघताना माणूस लागतं.

“हाताला काय झालं गो?”

“मोडली बोटं.”

“पडलीस?”

“पडले न्हाई. पाडलं.”

“दारू पितो?”

“नवरा न्हाई माझा तसा,” ती म्हणाली, आणि त्या बोलण्यात राग नव्हता, उलट जरा गंमतच वाटल्यासारखी ती हसली. “गावानं पाडलं.”

मग तिनं सांगितलं. सावळारामनं स्टँडच्या घड्याळाकडं बघत ऐकलं. तिचं नाव भिमी. घाटावरची. बाजाराच्या मागं खोली आहे. बायांचे विंचरताना गळलेले केस, गुंतवळ, ते गोळा करते आणि त्यावर भांडं देते. वाटी, चाळणी, जास्त केस असले तर डबा. नऊ वर्षं याच रस्त्यावर फिरते. कुठल्या घरात लांब केस, कुठली बाई मेंदी लावते, कोणाचे बाळंतपणानंतर मुठीनं गळतात, ते तिला बघताक्षणी कळतं. आणि त्या दिवशी करवंदपाड्याच्या वाटेवर चार माणसं आडवी आली. गोणी खोल म्हणाली. तिनं खोलली. आत केस.

“आता केसवालीच्या गोणीत केस न्हाई तर काय असणार? पण ते बघून अजून बिथरली. एकानं फोनात फोटो काढून धरलेला, माझाच. दुसरा हात पिरगाळतोय, सांग पोरं कुठं ठेवली, पोरांचे केस कापून काय करतेस. बाया पण आल्या. ज्यांनी माझ्याकडनं चाळण्या घेतल्या त्या बाया. अंगणवाडीच्या बाईनं आत ओढलं आन कडी लावली, म्हणून आज तुमच्यासंगं बोलतेय.”

“आई गो. आणि उठवलं कोणी हे?”

“एक माणूस हाय.”

“कोण?”

“नाव न्हाई ठाऊक. आवाज हाय त्याचा माझ्याकडं. लेकीनं मिळवून दिला.”

तिनं डाव्या हातानं कमरेची पिशवी सोडली, फोन काढला. काच तडकलेली. अंगठा बरोबर जागी गेला, रोज जाणाऱ्या बोटासारखा.

*ऐका हो ऐकाऽऽ. समस्त गावकऱ्यांना, पाड्यावरच्या मंडळींना, मायबहिणींना कळवण्यात येतं की*

सावळारामला पहिल्यांदा काय वाटलं ते त्यानं नंतर कोणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, चांगला लागलाय आवाज. त्या फुटक्या डबीतूनसुद्धा. ‘मायबहिणींना’वरची ती जरा खाली घेतलेली पट्टी, ‘की’नंतरची ती थांबायची जागा, जिथं बाया हातातलं काम सोडून उंबऱ्यापर्यंत येतात. हे त्याला वाटून गेलं, आणि त्यानंतर त्याच्या कानशिलापासून मानेपर्यंत गरम पाणी ओतल्यासारखं झालं. बाईची बोटं समोर होती. प्लास्टरच्या टोकाला नखं निळी दिसत होती.

तेरा दिवसांपूर्वी तेव्हाही दुपारच होती. ज्ञानेश्वर, त्याचा मुलगा, कामावर. सून प्रियांका शाळेतल्या पोषण आहारावर देखरेख करायला. नात अपेक्षा कॉलेजात. घरात तो आणि फोन. फोन ज्ञानेश्वरनं दिला होता, बाबांचा वेळ जाईल म्हणून, आणि वेळ जायचा. सकाळी फुलं आणि देव यायचे, दुपारी कुठल्या पानाचा रस कशावर घ्यायचा ते यायचं. गावाचा ग्रुप होता, दोनशे बारा माणसांचा. त्यात ग्रामपंचायतीचं पाणी कधी सुटणार ते यायचं, लस कधी, सभा कधी. म्हणजे दवंडीच. थाळी नाही, पाय नाहीत, घाम नाही, आणि सावळारामही नाही. निवृत्त झाल्यापासून सात वर्षांत त्या खोऱ्यात कोणी त्याला म्हटलं नव्हतं, जा रे, सांगून ये. मग मुरबाडच्या बाजूच्या चुलत भावानं, धाऊनं, तो फोटो पाठवला. खाली चार ओळी हिंदीत. इलाके में बच्चा चोर गैंग, औरत के भेस में, सावधान. आणि वर दोन बारके बाण, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’. त्या बाणांनी घात केला. कारण चौतीस वर्षं त्यानं असेच कागद वाहिले होते. तहसीलमधून निघालेला कागद, त्यावर सर्कल ऑफिसरची सही, मग भाऊसाहेबांची, बाजूला शिक्के, तारखा, आवकजावक नंबर. जितके हात जास्त तितका कागद खरा. एवढ्या हातांतून आलेलं खोटं कसं असेल?

आणि मग, याचाच त्याला आता बाकावर बसून खरा घाम फुटला, मग त्यानं ती दवंडी दुरुस्त केली. हो, दुरुस्त. कागदात उणीव होती. इलाके में म्हणजे कुठं? सावधान म्हणजे कधीपासून? ठिकाण नाही, वार नाही, ही काय दवंडी झाली? कच्चा कागद आला की तो भाऊसाहेबांपुढं उभा राहून विचारायचा, साहेब, कुठं सांगू, कधीचं सांगू, कोणाच्या हुकमानं सांगू. पडवीत विचारायला कोणी नव्हतं. जीभ आपोआप भरत गेली. तिला रिकामी जागा सोडायची सवयच नव्हती.

*मंगळवारपासून आपल्या भागात एक बाई फिरतेय. अंगाला हिरवं पातळ, खांद्यावर गोणी. शेणव्यापासून किन्हवलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाला*

मंगळवार त्याच्या तोंडात कुठून आला? त्या दिवशी मंगळवार होता, एवढंच. शेणवा कुठून आला? कारण दवंडी नेहमी शेणव्याच्या बाजूनं सुरू व्हायची. फोटोतली बाई कुठली, फोटो कुठला, काढला कोणी, काहीच माहीत नव्हतं. बाजारात उभ्या बाईचा कोणीतरी काढलेला फोटो. तो देशभर कुठंही फिरला असता आणि विरून गेला असता. सावळारामनं तिला गाव दिलं. वार दिला. रस्ता दिला, दोन्ही अंगांसकट.

“काय बोलतो हो मेला,” गोदू म्हणाली. “खरंच वाटतं.”

“तेच ना,” भिमी म्हणाली. “मलाबी वाटलं. म्हटलं, असंल कोणी दुसरी हिरव्या पातळाची.”

*वरून कळवण्यात येतंय. पोरं सांभाळावीत. सदर बाई दिसल्यास जाऊ देऊ नये होऽऽ*

तिनं फोन बंद केला. कोणाच्या हुकमानं, तिथं तो त्या दुपारीही अडखळला होता. मग ‘वरून’ म्हणाला. फोन वरून येतो. सगळंच वरून येतं. अठ्ठेचाळीस सेकंद. आणि फोटोमागोमाग तो आवाज ग्रुपवर पाठवल्यावर पडवीत जी मिनिटं गेली त्यांची आठवण त्याला सगळ्यात जास्त टोचत होती. ग्रुपवर अंगठे. हात जोडलेले. काका आवाज अजून तसाच. कोतवाल बाबा नंबर एक. लहानपणीची आठवण झाली. तो एकेक वाचत होता आणि पडवीत एकटाच हसत होता. पोरं चोरीला जाणार असं स्वतः सांगून तो हसत होता.

संध्याकाळी प्रियांकानं ऐकलं. ती हात पुसत बाहेर आली आणि उभीच राहिली.

“बाबा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“फोनात आलंय.”

“फोनात रोज देव पण येतो. दार उघडायला गेलात का कधी?”

“दोन बाण हायत त्यावर. लय माणसांनी—”

“ते दोन बाण म्हणजे कोणी लिहिलं तेच कोणाला ठाऊक नाही. पाठवणाऱ्यांची रांग आहे ती, सांगणारा त्यात एकही नाही.” मग तिनं फोन घेतला, फोटोवर आणि आवाजावर बोट दाबून धरलं, ‘सर्वांसाठी हटवा’ केलं आणि परत दिला. “झालं ते झालं. यापुढं पाठवायच्या आधी एकदा मला विचारा, नायतर अपेक्षाला. लाज वाटून घेऊ नका. मी पण विचारते दुसऱ्याला.”

त्याच्या आवाजाच्या जागी करड्या अक्षरांची एक ओळ उरली, हा संदेश हटवला गेला. त्याला वाटलं, मिटलं. पाटी पुसली. पण प्रियांकानं पुसेपर्यंत सहा तास झाले होते, आणि ज्यांनी पुढं पाठवला त्यांच्या फोनातला आवाज तिच्या बोटाखाली नव्हता. करवंदपाड्यावर कोणा बाईला मारलं हे तिसऱ्या दिवशी कानावर आलं. तो ताटावर बसला होता. कोण होती, असं त्यानं विचारलं नाही. त्यानं आमटी मागितली. हेही तो आता, स्टँडवर, पहिल्यांदा स्वतःला सांगत होता. मला कळलं होतं. मी आमटी मागितली.

“मग आता चाललीस कुठं?” गोदूनं विचारलं.

“कुठं न्हाई.”

“म्हणजे?”

“रोज येते हितं. गोणी तिकडंच राहिलीय, अंगणवाडीत. तीन आठवड्यांचा माल हाय. गाडी लागते, पाय उचलत न्हाई. गाडी गेली की घरी जाते.” जरा थांबून ती म्हणाली, “तिकडं गेल्याबिगर पोट न्हाई. आन गेले तर परत कोणी म्हणंल हीच ती.”

बाई, मी. हे तो बोलला नाही. बाई, तो माणूस. हेही नाही. वाक्यं घशापर्यंत येत होती आणि प्रत्येकाचं तोंड दुसरीकडंच वळत होतं. मला वाटलं खरं असंल. म्हातारा माणूस, फोनातलं काय कळतं. मी नुसतं पुढं सांगितलं, कोतवाल काय स्वतःचं बोलतो का? ही तिसरी वाट लांबपर्यंत सरळ होती. चौतीस वर्षं त्या वाटेनं तो चालला होता. हुकूम दुसऱ्याचा, आवाज आपला. फक्त त्या वाटेवर एकदा काहीतरी झालं होतं, आणि ते आता आडवं आलं. पोरांच्या पोलिओच्या डोसाची दवंडी. भाऊसाहेबांनी वार चुकीचा सांगितला होता, शनिवार. डोस होता रविवारी. शनिवारी पाड्यापाड्यावरच्या बाया पोरं काखेत मारून शाळेपाशी येऊन बसल्या, उन्हं कलेपर्यंत बसल्या. भाऊसाहेब म्हणाले, जाऊ दे रे, कळंल त्यांना. सावळाराम खरा वार सांगायला गेला. हुकूम नसताना, थाळी न घेता. तेव्हा त्याला एक गोष्ट कळली होती जी कुठल्याच कागदावर नव्हती. पहिल्या दवंडीला लोक घराबाहेर येतात. चूक सांगायला गेलात तर कोणी येत नाही, थाळी बडवून उपयोग नसतो. प्रत्येक दारात जावं लागतं, आणि बाई जे बोलेल ते उभं राहून ऐकावं लागतं. सात पाड्यांना त्याला रात्रीचे दहा वाजले होते.

किन्हवलीची गाडी लागली. गोदूनं पिशवी उचलली. “येतेस का गो? मी हाय संगती.” भिमीनं गाडीकडं पाहिलं. तिचा चांगला हात बाकाच्या कडेवर गेला, अंग पुढं झुकलं आणि तिथंच राहिलं. कंडक्टर खाली उभा राहून गावांची नावं घेत होता. किती साधं काम, सावळारामला वाटलं. नावं घ्यायची, जशी आहेत तशी.

तो उठला. तिच्यासमोर उभा राहिला.

“बाई.”

एवढंच. तिचं तोंड त्यानं बदलताना पाहिलं. आधी मुक्याला वाचा फुटल्याचं आश्चर्य आलं, ते निम्म्यावर गोठलं आणि त्याखालून दुसरंच काही वर आलं. प्लास्टरचा हात तिनं छातीशी ओढून घेतला.

“परत बोला,” ती म्हणाली.

“बाई. मी सावळाराम. कोतवाल होतो.”

“आजून.”

“त्या फोनातला आवाज माझा हाय. मंगळवार मी घातला, रस्ता मी घातला. मला काय ठाऊक नव्हतं. हिरव्या पातळाची बाई खरी हाय का नाय, तेपण ठाऊक नव्हतं. तरी बोललो.”

गोदूच्या हातातली पिशवी खाली बसली. भिमी त्याच्याकडं बघत होती, डोळ्यांकडं बघत नव्हती, गळ्याकडं बघत होती. जणू काय तिथं आहे ते एकदा नीट पाहून घ्यावं.

“मगाशी का मुकं झालात?”

“भ्यालो.”

“मला?”

“हो.”

ती हसली नाही. गोदूच मध्ये पडली. “आता काय बघत बसलाय? दुसरा टाका आवाज. त्यात सांगा का चूक झाली, बाई गरीब हाय, काय ते. आत्ताच्या आत्ता.”

सावळारामचा हात खिशाकडं गेलाही. भिमीनं मान हलवली. “तो कोण पुढं धाडतोय? पोरं चोरतात ते धाडतात समदी. चोरत न्हाई, ते कोण धाडणार?” मग त्याला म्हणाली, “तुमी चला. जिथं मला अडवलं तिथं चला आन तुमच्या तोंडानं सांगा. म्या ऐकणार.”

कंडक्टरनं विचारलं, किती? सावळाराम म्हणाला, तीन.

गाडीत ती खिडकीशी बसली, तो मागच्या बाकावर. शेणवा गेलं. त्याचं उतरायचं ठिकाण गेलं. खाचरं कापून मोकळी पडली होती, बांधावर पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. त्यानं प्रियांकाला फोन केला, बाई समोरच आहे म्हणून, आणि सगळं सांगितलं.  ती म्हणाली, “कोणाच्या अंगावर जाऊ नका. बोलून या. पोलीस स्टेशनला उद्या मी येते तुमच्यासोबत, सुट्टी टाकते.” पोलीस स्टेशनचं त्यानं काही काढलं नव्हतं. पण तिनं म्हटल्यावर त्याला कळलं की ते ठरलेलं आहे, आणि त्या ठरण्यानं पाठीचा कणा जरा सरळ झाला. म्हातारपणी पहिल्यांदा हुकूम कोणी दिला नव्हता आणि जायचं होतं.

करवंदपाड्याच्या फाट्यावर ते दोघं उतरले. गोदू खिडकीतून म्हणाली, “सांभाळून गो.” वाटेवर भिमी चार पावलं मागं राहिली. तो थांबला की तीही थांबायची. पहिल्या घरापाशीच सुनिल भेटला. गोदामात कामाला जाणारा, दुसऱ्या पाळीचा, अंघोळ करून बनियनवर उभा. सावळाराम त्याच्या बापाला ओळखत होता.

“काका, तुमी? आणि ही—” त्याची नजर भिमीच्या हातावर गेली आणि लगेच तिथून निघाली. तेव्हा सावळारामला समजलं पिरगाळणारा कोण होता.

“सुन्या, मी खोटं बोललो होतो.”

“काय?”

“ती दवंडी. खोटी. ही बाई केस घेते, भांडी देते. दुसरं काय करत नाय.”

सुनिलचा चेहरा लालसर होत गेला. दोन बाया दारात आल्या. एक म्हातारा काठी टेकत आला. “मंग आमी काय येडे हाव?” सुनिल म्हणाला. “तुमचा आवाज ऐकला म्हणून उठलो. दुसऱ्या कोणाचा असता तर उठलो नसतो. जाऊ देऊ नये म्हणालात ना? नाय जाऊ दिलं. आणि पोलीस माझ्या दारात आले, तुमच्या नाय आले.”

“मी जातोय उद्या.”

“जातोय म्हणं.” त्यानं बनियनवर हात पुसून फोन काढला, समोर धरला. “मंग इथंच बोला, तोंड दाखवून. टाकतो ग्रुपला. समद्यांना कळू दे खोटारडा कोण.”

सावळारामनं त्या काळ्या काचेकडं पाहिलं. त्याला कळत होतं काय होईल. मुरबाडला, वासिंदला, कुठल्या तरी पडवीत कोणीतरी दोन बोटांनी त्याचा चेहरा ताणेल. नाकाशेजारचा मस बघेल. खाली कोणीतरी काहीतरी लिहील, दुसरा त्यात भर घालेल. अपेक्षाच्या कॉलेजात पोहोचेल. एखाद्या स्टँडवर त्याला बघून माणूस बाकावरून उठून लांब जाईल. तो हे सगळं एका दमात पाहून चुकला आणि त्याला आश्चर्य वाटलं की त्याचे पाय जागेवरच आहेत.

“काढ,” तो म्हणाला. “पण बाईला त्यात घेऊ नको. तिकडं तोंड कर. तिचा फोटो एकदा झाला तेवढा पुरे.”

सुनिल वळला. सावळारामनं बोलायला सुरुवात केली. गळा काढला नाही, हेल नाही, घरात बोलतात तसं. नाव सांगितलं, बापाचं नाव, गाव. फोनात काय आलं होतं, काय नव्हतं आलं, कुठला शब्द स्वतः घातला. तिसऱ्या दिवशी कळलं होतं आणि गप्प बसलो, तेही सांगितलं. मध्येच शब्द सापडेना, तो थांबला, ठसका आला. दारातली बाई म्हणाली, पाणी देऊ का? त्यानं हातानं नको सांगितलं. संपलं तेव्हा सुनिल फोनकडं बघत होता.

“तीन मिनटं झाली, काका.”

“झाली तर झाली.”

“एवढं कोण ऐकतंय? कापून टाकू? ‘खोटं बोललो’ एवढंच ठेवतो.”

“कापू नको. आणि नाय ऐकत तर दारात जातो.”

आणि तो गेला. पहिल्या दारात. तिथली बाई भिमीला बघून आत गेली आणि आतूनच म्हणाली, आता काय उपयोग. त्यानं उभं राहून ऐकलं. दुसऱ्या दारातली म्हणाली, माझी पोरं आठ दिवस शाळेत गेली नाहीत तुमच्यापायी. ऐकलं. तिसऱ्या घरातला माणूस म्हणाला, गावात तोंड दाखवायला लाज नाही वाटत? वाटते, सावळाराम म्हणाला. तोवर अंगणवाडीची सोनालीताई दोन हातांनी गोणी ओढत घेऊन आली होती. गाठ तशीच होती. “मी सोडली नाही बाई,” ती भिमीला म्हणाली. “कुलपात ठेवली.” भिमीनं गोणीला हात लावला, बाहेरून दाबून पाहिली. मग वाकून डाव्या खांद्यावर घेतली. सुनिल दोन पावलं पुढं आला, उचलू लागावं म्हणून, की आणखी कशासाठी. ती मागं सरकली. तो तिथंच थांबला, हात तसाच ठेवून.

पाचव्या घरापुढं अंगण मोठं होतं. सावळाराम दार वाजवायला निघाला तेव्हा मागून आवाज आला. आधी त्याला कळलं नाही कोणाचा. बारीक, कापणारा.

“केसाऽऽवर भांडीऽऽ.”

तो थांबला. अंगणात कोणी हललं नाही. भिमी गोणी सावरून उभी होती, मान खाली. घसा खाकरून तिनं वर पाहिलं. या वेळेस आवाज पोटातून निघाला, वाकडा चढला, चढता चढता सरळ झाला आणि घरांवरून पलीकडच्या टेकाडापर्यंत गेला.

“केसाऽऽवर भांडीऽऽय. चाळणी घ्याऽऽ, वाटी घ्याऽऽ.”

 मग घराच्या आतून एक म्हातारा आवाज म्हणाला, “थांब गो, जाऊ नको. केस कुडात खोचून ठेवलेत. कुठं खोचले तेच सापडत नाय.” आत कारवीच्या काड्यांच्या भिंतीवरून बोटं फिरत असल्याची खरखर ऐकू येत होती, एका फटीतून दुसऱ्या फटीत.

“शोधा आजी,” भिमी म्हणाली. तिनं गोणी उतरवली, अंगणात बसली आणि डाव्या हातानं गाठ सोडायला लागली.